एकवीस काकणांचा चुडा

गोदावरीला मिळणाऱ्या एका लहानशा नदीच्या काठी शेलगव्हाण नावाचे गाव आहे. त्या गावाच्या वेशीबाहेर, एका जुन्या चिंचेखाली अंतोबा महाराज राहत असत. महाराज कोठून आले, कोणत्या कुळातले, हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि विचारायचे धाडसही कधी कोणी केले नाही. ना मठ, ना गादी, ना शिष्यांचा गोतावळा. कमरेला जाडाभरडा पंचा, शेजारी पाण्याचे मडके आणि हातात घायपाताचा वाख. मुखाने नाम घ्यावे आणि हाताने दोर वळावा, हीच त्यांची पूजा होती. वाखाने त्यांच्या हातांना असे घट्टे पडले होते की पाया पडताना चुकून हात लागला तर खरखरीत दगडाला लागल्यासारखे वाटे.

वळलेला दोर महाराज विकतही असत, पण त्यांची विकण्याची तऱ्हा निराळी होती. कोणी दोर घ्यायला आला की ते म्हणत, आधी विहिरीवर जा, भरलेली घागर वर येऊ दे, मग काय द्यायचे ते दे. लोक संकोचत. तुमच्या दोराची परीक्षा आम्ही काय घ्यावी, असे म्हणत. त्यावर महाराज हसत आणि सांगत, "तुला दोर हवा कशाला? पाण्याला ना? मग पाणी वर आल्याबिगर माझं देणं पुरं झालं, असं मी कसं म्हणू?" ऐकणारे मान डोलवीत आणि घरी जात. महाराजांचे असे साधे बोलणे पुष्कळांना कळल्यासारखे वाटे, पण वळत मात्र फार थोड्यांना असे.

अशा या महाराजांवर ज्याचा जीव जडला होता, तो हरबा कासार. वय साठीला टेकलेले, पाठीवर काकणांचा पेटारा, पायांत झिजलेल्या वहाणा. पंचक्रोशीतल्या लेकीबाळींना तो बांगड्या भरी. त्याच्या दोन अंगठ्यांची ख्याती मोठी होती. एकदा हात धरला की त्या हाताचे माप जन्मभर त्याच्या अंगठ्यांत राही. लोक थट्टेने म्हणत, हरबा एकवेळ तोंड विसरेल, हात विसरायचा नाही. काकण पंजाच्या हाडापाशी अडले की तो डोळे मिटून हळूच म्हणे, "महाराज, सांभाळा," आणि काकण अलगद मनगटावर उतरे. कासारांचा एक जुना कायदा आहे. मनगटावर उतरेपर्यंत काकण कासाराचे, तोवर त्याला काही झाले तर नुकसान त्याचे. मनगटावर उतरले की ते घेणारीचे. हरबाने हा कायदा चाळीस वर्षे कुरकुर न करता पाळला होता.

त्याच गावात त्र्यंबकशेट नावाचे धान्याचे मोठे व्यापारी होते. त्यांच्या पत्नी कावेरीबाई. बाई काही वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितले पाहिजे. दाराशी आलेला उपाशी जात नसे. पण त्यांना एका गोष्टीचा अभिमान होता, आणि तो म्हणजे आपल्या हातांचा. लग्न होऊन आल्या तेव्हा साऱ्या गावाने त्यांच्या नाजूक हातांचे कौतुक केले होते. ते कौतुक त्यांनी उराशी धरून ठेवले आणि त्यापायी जगातल्या साऱ्या बायकांचे त्या हात बघून मोल करू लागल्या. देवाची करणी पाहा, त्यांची एकुलती एक मुलगी द्वारका मात्र बापाच्या वळणावर गेली. रुंद पंजा, जाड पेरे. मुलगी गुणाची. जात्यावर बसली की पायलीभर दळूनच उठे. पण आईच्या डोळ्यांत तिचे हातच सलत.

द्वारकेचे लग्न तालुक्याच्या गावी एका तालेवार घरात ठरले. व्याह्यांकडून निरोप आला की सुनेसाठी पाटल्या घडवायच्या आहेत, तर हाताचे माप पाठवा. कावेरीबाईंचा जीव गोळा झाला. त्यांनी पेटीच्या तळातून आपली लग्नाआधीची एक जुनी बांगडी काढली आणि तीच द्वारकेचे माप म्हणून पाठवून दिली. पुढचे पुढे बघता येईल, असे त्यांना वाटले असावे. एक खोटे बोलले की दुसरे त्याच्या मागून आपोआप येते. चुड्यासाठी हरबाला वाड्यावर बोलावले, तेव्हाही त्यांनी तशीच दुसरी जुनी बांगडी त्याच्यापुढे टाकली.

काचाऱ्याच्या भट्टीवरून मुद्दाम घडवून घ्यायचा, हिरवा गार, वर सोनेरी रेघ, जादाची नऊ धरून एकूण तीस काकणे, आणि लग्नाच्या दिवशी हळद लागण्याआधी मुलीच्या हातात भरलेला हवा, असा सौदा ठरला. शिवाय मांडवात येणारी एकही सवाशीण रिकाम्या हाताने राहता कामा नये, हेही हरबाने कबूल केले. मग त्याने ती जुनी बांगडी उचलून अंगठ्यावर फिरवली. द्वारका पाच वर्षांची होती तेव्हापासून तिला बांगड्या भरणारा तो. त्याला एका क्षणात कळले की हे माप तिचे नाही.

तो हलकेच म्हणाला, "बाई, ताईचा हात एकदा बघू द्याल का?"

"हात कशाला?" कावेरीबाई म्हणाल्या. "नमुना दिलाय ना तुला? नमुन्यासारखा माल आण, की तुझं काम संपलं. फरक पडला तर सगळा परत पाठवीन आणि या घराची पायरी पुन्हा चढू देणार नाही. आणि हे बघ, भरताना तू त्या चिंचेखालच्या बुवाचं नाव पुटपुटतोस म्हणे. माझ्या घरी ते थेर चालायचे नाहीत. बुवाचं नाव घेतल्यानं काच काय मेणासारखी होते?"

भोवतीच्या बायका हसल्या. हरबाने मान खाली घातली. स्वतःचा अपमान त्याने गिळला असता, पण महाराजांची टिंगल त्याच्या काळजात रुतली. नमुन्यासारखा माल हवा ना, मग तसाच आणतो, पुढचे तुमचे तुम्ही बघा, असे तो मनाशी म्हणाला आणि बांगडी फडक्यात बांधून निघाला. इथेच हरबा चुकला. माणूस भला होता, पण दुखावलेला भला माणूसही कधी कधी कायद्याच्या आड जाऊन बसतो.

भट्टीवर निघण्याआधी तो चिंचेखाली गेला. महाराजांच्या पायांवर डोके ठेवून त्याने सांगितले, मोठ्या घरचा चुडा आणायला चाललो आहे.

महाराज दोर वळता वळता म्हणाले, "माप घेतलंस?"

"नमुना घेतलाय, महाराज."

"मी मापाचं विचारलं."

हरबाने बांगडीचे फडके कमरेला खोचले. महाराजांनीही पुन्हा विचारले नाही. हरबा चालू लागला आणि पुढची तीन दिवसांची वाट त्याला फार लांब वाटली.

भट्टीवर त्याने कसलीच कसर ठेवली नाही. काच पारखून घेतली, सोनेरी रेघ समोर बसून ओढवून घेतली, आणि तीसच्या तीस काकणे नमुन्यावर ठेवून पडताळली. केसाइतका फरक नव्हता. लग्नाला दोन दिवस उरले असताना तो गावात परतला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्याने मांडवातल्या साऱ्या सवाशिणींचे हात भरले. पेटाऱ्यातले हिरवे काकण असे एकही उरले नाही. राहिल्या त्या चार काळ्या बांगड्या आणि लहान पोरींच्या चिमुकल्या बांगड्या.

लग्नाचा दिवस उजाडला. परसदारच्या पडवीत पाट मांडला होता. कावेरीबाईंनी आधी चुडा हातात घेऊन प्रत्येक काकण नमुन्याशी लावून पाहिले, उन्हात धरून पाहिले, आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, माल पसंत आहे. मग द्वारका पाटावर बसली. हरबाने तिचा डावा हात हातात घेतला. त्याच्या अंगठ्यांनी तो हात लगेच ओळखला.

"आई, हे मला व्हायचं नाही," द्वारका पुटपुटली. आईने तिच्याकडे अशी नजर टाकली की ती गप्प झाली.

हरबाने हाताला तेल लावले, अंगठा आत दुमडला, पंजा मिटवला, हाड दाबले. चाळीस वर्षांत जे जे शिकला ते सारे केले. पहिले काकण हाडापाशी अडले आणि टचकन दुभंगले. कासाराच्या तोंडी 'फुटले' हा शब्द नसतो, तो अशुभ मानतात. "वाढलं," हरबा म्हणाला आणि तुकडे वेचून फडक्यात ठेवले. दुसरेही वाढले. तिसरेही. पडवीतले हसणेबोलणे बंद पडले. नवरीच्या चुड्याचे काकण भरतानाच वाढावे, हा कसला शकुन, असे एक म्हातारी कुजबुजली. पाचवे गेले, सातवे गेले. नववे गेले तेव्हा द्वारकेच्या अंगठ्याच्या मुळाशी रक्ताचा थेंब उमटला.

आता उरली एकवीस. डाव्या हातात अकरा आणि उजव्यात दहा, असा नवरीचा चुडा एकवीस काकणांचा. आणखी एक वाढले असते तर चुडा अपुरा राहिला असता. दुसरा कासार सहा कोसांवर. चुड्याशिवाय हळद लावता येत नाही, आणि हळदीशिवाय लग्न कसले?

कावेरीबाईंचा संताप अनावर झाला. हरबाने काच कच्ची आणली, मोठ्या घरी खोटा माल घातला, मुलीच्या सौभाग्याला दृष्ट लावली, असे त्या वाटेल ते बोलू लागल्या. हरबाच्या ओठांवर शब्द आले होते. बाई, नमुनाच मुळी ताईचा नव्हता, एवढे म्हणायचा अवकाश, तो सुटला असता. पण भरल्या पडवीत ते बोलावे तर त्या पोरीच्या हाताची चर्चा साऱ्या गावात झाली असती. तिला लहानपणी पहिली काकणे त्यानेच भरली होती. तो मुकाट्याने ऐकत राहिला. उद्यापासून एकही बाई आपला हात याच्या हातात देणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसत होते. कासाराला दुसरी अब्रू कोणती असते? दूरवर सनई वाजू लागली. जानवशातून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन विहीण निघाली होती. रीतीप्रमाणे ती आता नवरीला लागायची, आणि नवरीचे हात तर उघडे होते.

तेवढ्यात परसातले दार लोटून कोणी आत आले. पाहतात तो अंतोबा महाराज! खांद्यावर नव्या दोराचे वेटोळे. कोणाच्याही घरात पाऊल न टाकणारे महाराज आज शेटजींच्या परसात उभे होते.

"शेटजींनी विहिरीसाठी दोर सांगितला होता," महाराज म्हणाले. "लग्नाघरी पाणी लागतं. म्हटलं, पोचवून यावं."

कावेरीबाई जळफळल्या होत्याच. त्या म्हणाल्या, "बरे आलात. तुमचं नाव घेणाऱ्यानं काय दिवे लावलेत ते बघा. आता तुम्हीच भरा माझ्या मुलीला चुडा."

महाराज रागावले नाहीत. त्यांनी दोर भिंतीशी ठेवला, हरबापुढे मांडी घालून बसले आणि आपला उजवा हात पुढे केला. घट्ट्यांनी भरलेला, पेरापेराला गाठ असलेला तो रांगडा हात. "हरबा, आधी माझ्या हातात घाल."

पडवीतल्या बायकांनी श्वास रोखला. हरबाने उरलेल्या काकणांकडे पाहिले. "महाराज," तो म्हणाला, "एकवीसच उरलीत."

"उरली किती म्हणून भितोस, का माप ठाऊक आहे म्हणून भितोस?"

त्याबरोबर हरबाचा बांध फुटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. "माप मला ठाऊक होतं, महाराज. तुम्ही इचारलं तवाच सांगायला पायजे होतं. राग धरून बसलो. नमुना कसा का असंना, हात बघितल्याबिगर कासारानं चुडा आणू न्हाई. चूक माझी हाय. बाईंची न्हाई."

"सांगितलंस ना? आता घाल."

हरबाने डोळे मिटले. मनात नाव घेतले आणि काकण महाराजांच्या बोटांवर चढवले. आणि काय सांगावे! द्वारकेच्या हातापेक्षा दीडपट रुंद अशा त्या पंजावरून ते काकण तान्ह्या मुलाच्या हातावरून घसरावे तसे सरळ मनगटावर गेले. ना दाबावे लागले, ना तेल लावावे लागले. महाराजांनी ते तितक्याच सहज उतरवून परत चुड्याच्या ताटात ठेवले. काकणाला चरा नव्हता.

मग महाराज कावेरीबाईंकडे वळले. त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. लेकीशी बोलावे तसे ते बोलले, "माय, काचेची काही तक्रार नाही. देणाऱ्यानं माल आणला, सांगितल्या वेळेला आणला, सांगितल्या जागी आणला. त्याच्याकडची जी कसूर होती, ती त्यानं आत्ता भरून दिली. पण सौदा एका बाजूनं पुरा होत नसतो. घेणाऱ्यालाही काही द्यावं लागतं. तुम्ही नमुना दिलात, हात नाही दिलात. तेवढंच राहिलंय."

याच वेळी सनई वाजत वाजत दाराशी आली. हळदीची वाटी घेतलेली विहीण पडवीच्या उंबरठ्यावर उभी होती. तिला पाहताच द्वारकेने आपले दोन्ही हात पदराखाली लपवले.

कावेरीबाईंनी ते पाहिले. हरबाने दोष आपल्यावर घेऊन त्यांना वाट मोकळी करून दिली होती. त्या गप्प राहिल्या असत्या तरी चालले असते. कोणी त्यांना विचारले नसते. पण आपली धडधाकट, कामसू, गुणी लेक लग्नाच्या दिवशी चोरासारखे हात लपवते आहे, आणि ते लपवायला आपणच तिला शिकवले, हे त्या आईला त्या क्षणी लख्ख दिसले. त्या तिथेच खाली बसल्या.

"तो नमुना माझ्या हातचा," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान झाला होता की सनईवाल्याला थांबवावे लागले. "माझ्या लग्नाआधीचा. द्वारकेचा नाही. विहीणबाई, तुमच्याकडं पाटल्यांना पाठवला तोसुद्धा माझाच. माझ्या लेकीचा हात मोठा आहे. मला त्याची लाज वाटली."

सगळ्यांच्या नजरा विहिणीकडे वळल्या. ती बाई हळदीची वाटी खाली ठेवून द्वारकेपाशी आली, पदराखालचा हात तिने ओढून घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि खळखळून हसली. "अहो विहीणबाई, आमच्याकडं ताकाचा डेरा आहे हा एवढा. ते बोटभर माप आलं, तेव्हापासून मला घोर लागला होता, की ही पोर रवी धरणार तरी कशी? बरं झालं बाई. पाटल्यांचं काय, सोनार कुठं पळून गेला नाही."

पडवीतले सारे दडपण त्या हसण्याने उतरले. महाराज हरबाला म्हणाले, "आता भर."

कावेरीबाईंनी स्वतः लेकीचा हात धरला आणि हरबाच्या हातात दिला. "महाराज, सांभाळा," तो आज मोठ्याने म्हणाला. पहिले काकण बोटांवरून निघाले, पंजाच्या हाडापाशी आले, क्षणभर थांबले, आणि मनगटावर उतरले. मग दुसरे. मग तिसरे. बायका बोटांवर मोजीत होत्या. डावीकडे अकरा झाली, उजवीकडे दहा झाली, आणि एकवीस काकणे द्वारकेच्या दोन्ही हातांत किणकिणू लागली. रक्त आले होते तिथे साधे खरचटलेलेही राहिले नव्हते. एका चिकित्सक आजीबाईंना राहवले नाही. त्यांनी ताटातला नमुना उचलून मनगटावरच्या काकणाशी लावून पाहिला. माप तेच होते, तसूभर कमी नाही की जास्त नाही. तोच नमुना त्यांनी द्वारकेच्या बोटांत घालून पाहिला, तर तो पेरांपाशीच अडला. आजीबाईंनी हात जोडले आणि त्या दिवशी तरी पुढे काही तपासले नाही.

धन्य ते महाराज आणि धन्य तो भक्त, की ज्याने आपली अब्रू जात असताना दुसऱ्याच्या लेकीची अब्रू झाकली!

कावेरीबाई महाराजांच्या पायांशी धावल्या. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्याकडून या घरानं घेतलाय तो दोर," ते म्हणाले. "चुडा ज्याच्याकडून घेतलात, तो तिथं बसलाय." एवढे बोलून त्यांनी दोर खांद्यावर टाकला आणि पाणी येते की नाही ते पाहायला विहिरीकडे चालते झाले.

आपल्याकडे चुडा भरून झाला की घेणारीने कासाराला वाकून नमस्कार करायची रीत आहे. द्वारकेने हरबाला मनोभावे नमस्कार केला. त्याने आशीर्वाद दिला. कावेरीबाई मात्र हरबासमोर उभ्याच राहिल्या. साऱ्या वऱ्हाडादेखत, शेटजींच्या बायकोने, एका कासारापुढे वाकायचे? इतकी वर्षे ताठ राहिलेली मान एका सकाळीत किती वाकणार? तेवढ्यात हळदीसाठी हाक आली आणि त्या आत निघून गेल्या. हरबाला त्याचे काहीच वाटले नाही. त्याने तुकड्यांचे फडके उचलले, पेटारा पाठीला लावला आणि परसातल्या दाराने तो घरी गेला.

लग्न थाटात झाले. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या, द्वारका सासरी गेली, मांडव उतरला, पाहुणे पांगले. त्यानंतर चार दिवसांनी, सकाळच्या उन्हात, हरबा चिंचेखाली महाराजांना वाख सोलून देत बसला होता. गावाकडून कोणी बाई चालत येताना दिसली. बरोबर गडी नाही, दासी नाही, पायांत काही नाही. जवळ आल्यावर हरबाने ओळखले आणि तो घाईघाईने उठून उभा राहिला.

कावेरीबाई मातीतच बसल्या. त्यांनी पदर सारून दोन्ही हात पुढे केले. मनगटांवर जुन्या घट्ट बांगड्या रुतल्या होत्या आणि खाली काळेनिळे वळ उठले होते. लग्नात आलेल्या त्या बांगड्या त्यांनी कधी उतरवल्याच नव्हत्या. हात भरत गेले, वय वाढत गेले, तरी नवे माप सांगायला लागू नये म्हणून त्या पस्तीस वर्षे तेवढ्यातच राहिल्या होत्या. इतका छळ या बाईने स्वतःचाच केला होता आणि गावाला वाटे, केवढी ही नाजूक!

"हरबातात्या," त्या म्हणाल्या. आजवर अरेतुरे करणाऱ्या तोंडून ते तात्या ऐकून हरबाला कसेसेच झाले. "माझ्याकडं आज नमुना नाही. हात बघा, आणि जे खरं माप असेल ते भरा."

हरबाने तो हात आपल्या खरबरीत हातात घेतला. जुन्या बांगड्या त्याने सांभाळून, एकेक करून, हातांना जराही न दुखवता उतरवल्या. वळांवर तेल चोळले. मग पेटारा उघडला. नव्या आणलेल्या मालातून रुंद, मोकळी, साधी हिरवी काकणे निवडली आणि भरू लागला. हाडापाशी आला तेव्हा सवयीने त्याच्या तोंडून "महाराज, सांभाळा" निघाले आणि कावेरीबाईंच्या तोंडूनही तेच शब्द निघाले. एकही काकण वाढले नाही. त्यात नवल काहीच नव्हते. मापच बरोबर होते.

भरून झाल्यावर हरबा पेटारा बंद करू लागला. कावेरीबाईंनी त्याला थांबवले. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, आणि वेशीवरून जाणारेयेणारे थांबून पाहत असताना, त्या मोठ्या घरच्या बाईने मातीत कपाळ टेकवून हरबा कासाराला नमस्कार केला. मग गुडघ्यांवरच सरकत त्या महाराजांकडे गेल्या आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवून मनसोक्त रडल्या.

महाराजांनी या खेपेला पाय मागे घेतले नाहीत. दोर वळणारे हात थांबवून त्यांनी हरबाकडे पाहिले आणि म्हणाले, "हरबा, आता पोचला बरं तुझा माल."